कॅश ड्राइव्ह 'अनमाउंटेबल' दाखवतोय? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

लक्षणं

तुमच्या घरी अनरेड (अनेक ड्राइव्ह एकत्र सांभाळणारी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम) चालत असेल आणि यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे. कॅश ड्राइव्ह म्हणजे नवी फाइल आधी जिथे उतरते ती वेगवान एसएसडी, ॲरे म्हणजे ती नंतर जिथे जाते तो मोठ्या डिस्कचा गट, आणि मूव्हर म्हणजे ही हलवाहलव करणारं काम.

• मुख्य पानावर कॅश ड्राइव्हसमोर 'अनमाउंटेबल' (सर्व्हरला तो माउंट करता, म्हणजे वापरासाठी उघडता येत नाही) असं येतं आणि खाली फॉरमॅटचा चौकोन दिसू लागतो.
• ॲप्स चालवणारी डॉकर सर्व्हिस सुरूच होत नाही. कालपर्यंत चालणारे सगळे कंटेनर, म्हणजे ॲप्स, गायब.
• शेअर उघडतो, फोटो दिसतात, पण नवी फाइल टाकायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम'.
• जागा शिल्लक दिसते, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.
• रात्री ठीक असलेला सर्व्हर पहाटे पावणेचारच्या सुमारास अडकतो. मूव्हरची मूळ वेळ 3:40 असते. कॅशवरच्या ताज्या फाइली तो तेव्हा वाचतो, म्हणून दबून राहिलेला दोष नेमका त्या वेळी वर येतो.
• होम असिस्टंट किंवा जेलीफिन अशा एखाद्या ॲपचा डेटाबेस दर काही दिवसांनी बिघडतो. पुन्हा बसवला की आठवडाभर चालतो, मग परत तेच.

शेवटच्या लक्षणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. माणूस ॲपला दोष देतो, ॲप बदलतो, आणि खालची फाइल सिस्टीम (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवणारी रचना) सडत राहते.

हे सगळं अनरेड चालवणाऱ्या घरगुती सर्व्हरबद्दल आहे, कारण माझा हात त्याच्यावर बसलेला आहे. गेल्या सहा-सात वर्षांत माझा स्वतःचा पुण्यातला सर्व्हर आणि मित्र-नातेवाइकांचे मिळून दहा-अकरा वेळा मी बिघडलेला कॅश पूल (कॅशच्या एक-दोन ड्राइव्हचा गट) परत उभा केला आहे. त्यात एसएसडी खरोखर मेली होती ती फक्त दोनदा. बाकी वेळी दोष केबलचा, रॅमचा, विजेचा किंवा नुसता जागा संपल्याचा होता. मला फोन येईपर्यंत बहुतेकांनी नवी एसएसडी मागवलेली असायची. दोघांनी तर फॉरमॅटही करून टाकलं होतं. त्यातल्या एकाच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्याच कॅशवर होते, अजून मूव्हरने हलवलेले नव्हते. ते परत मिळाले नाहीत.

'कॅश' हे नाव फसवं आहे. ब्राउझरची कॅश पुसली तरी काही बिघडत नाही, म्हणून लोकांना वाटतं इथेही मूळ प्रत कुठेतरी दुसरीकडे असेल. नसते. मूव्हर फाइल ॲरेवर नेईपर्यंत तिची एकमेव प्रत कॅशवर असते. ॲपडेटा (ॲप्सची मांडणी आणि डेटाबेस), व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क, डॉकरची इमेज हे तर कायम तिथेच राहतं. आणि पॅरिटी ड्राइव्ह (मेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करायला लागतो तो) फक्त ॲरेचं रक्षण करतो, कॅशचं नाही.

आधी हात आवरा

रीबूट करू नका. अनरेड पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि लॉग रॅममध्ये ठेवतं, त्यामुळे रीबूट केलं की बिघाड कसा सुरू झाला याचा पुरावाच जातो. आधी टूल्समध्ये जाऊन डायग्नॉस्टिक्सची झिप फाइल उतरवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर अवलंबून आहे.

फॉरमॅटच्या चौकोनाला हात लावू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं तरी बराचसा डेटा खाली पडून राहायचा. एसएसडीचं तसं नाही. फाइल सिस्टीम नव्याने तयार करताना सहसा आधी संपूर्ण ड्राइव्हला ट्रिमचा आदेश जातो, म्हणजे एसएसडीला सांगितलं जातं की इथलं काहीच आता नको. त्यानंतर आतला कंट्रोलर (एसएसडी चालवणारी चिप) ती जागा खरोखर पुसायला लागतो. मग डेटा रिकव्हरीवालाही हात वर करतो.

मूव्हर आणि डॉकर दोन्ही थांबवा. आजारी फाइल सिस्टीमवर जितकं कमी लिहिलं जाईल तितकं बरं.

फुकटची तपासणी: जागा

फाइल सिस्टीम खरंच बिघडली आहे का, हे आधी ठरवा. कॅश पूल बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमचा असेल तर तो डेटासाठी साधारण 1 जीबीचे मोठे तुकडे आधीच राखून ठेवतो, आणि मेटाडेटासाठी (कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदींसाठी) वेगळे. सगळे तुकडे डेटाने अडवले की मेटाडेटाला नवा तुकडा मिळत नाही. अर्धवट रिकामे तुकडे असल्यामुळे वरवर 40 जीबी मोकळे दिसतात, आणि तरी एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. हा बिघाड नाही, कोंडी आहे. 'बीटीआरएफएस फाइलसिस्टीम युसेज' या कमांडमध्ये 'अनअलोकेटेड'समोर जवळपास शून्य दिसलं तर समजा हेच झालंय. काही मोठ्या फाइली दुसरीकडे हलवा, मग बॅलन्स (अर्धवट भरलेले तुकडे एकत्र करून जागा मोकळी करणारी कमांड) चालवा. बॅलन्सला सुरुवातीला फक्त पाच-दहा टक्के भरलेले तुकडेच आवरायला सांगा. एकदम पूर्ण बॅलन्स लावला तर त्यालाच काम करायला जागा मिळत नाही.

दुसरी शक्यता याहून सोपी. डॉकरची इमेज ही कॅशवरची एक फाइल असते, मूळ आकार 20 जीबी. कितीदा तरी फक्त तीच भरलेली किंवा बिघडलेली असते आणि बाकी पूल ठणठणीत असतो. सेटिंग्जमध्ये डॉकर बंद करा, इमेज पुसा, पुन्हा चालू करा आणि ॲप्समधल्या 'प्रीव्हियस ॲप्स'मधून सगळं परत बसवा. तुमची मांडणी आणि डेटाबेस ॲपडेटात असतात, त्यांना धक्का लागत नाही. स्वतः बनवलेलं डॉकर नेटवर्क असेल तर ते मात्र पुन्हा बनवावं लागतं. इमेज नवी करूनही ती आठवड्यात परत बिघडली, तर मूळ खाली आहे असं समजून पुढे चला.

शंभर-दोनशे रुपयांची तपासणी: केबल आणि वीज

लॉगमध्ये कॅश ड्राइव्हच्या नावासोबत 'हार्ड रीसेटिंग लिंक', 'आय-ओ एरर' अशा ओळी शोधा. मग ड्राइव्हची स्मार्ट माहिती (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवतो ती) उघडून 199 क्रमांकाची नोंद पाहा, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत किती वेळा मजकूर खराब झाला, हे ती मोजते. ही संख्या कधीच कमी होत नाही, त्यामुळे जुनी 37 दिसली तरी घाबरू नका. ती कागदावर लिहा, साटा केबल (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी) बदला, पन्नासेक जीबीच्या फाइली दुसऱ्या पूलवरून किंवा ॲरेवरून या ड्राइव्हवर लिहून आणि परत वाचून पाहा आणि संख्या वाढली का ते बघा. (ही चाचणी फाइल सिस्टीम माउंट होत असेल आणि महत्त्वाचं आधी बाहेर काढलेलं असेल तरच.) वाढत नसेल तर चोर सापडला.

मावसभावाचा सर्व्हर रत्नागिरीत आहे, समुद्र घरातून दिसतो. त्याच्याकडे दर पावसाळ्यात कॅशच्या दोन एसएसडींपैकी एक गायब व्हायची आणि ऑक्टोबरात आपोआप ठीक व्हायची. खाऱ्या दमट हवेने साटाच्या टोकांवर थर बसत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसली, खटका असलेली नवी केबल लावली, आणि सर्व्हर ओल्या भिंतीपासून लांब हलवला. तेव्हापासून तीन पावसाळे निघाले.

वीज पुरवणारी वायरही पाहा. एका मोलेक्स जोडणीतून चार-चार ड्राइव्हना वीज वाटणारे स्वस्त स्प्लिटर मी आता कुणाच्याच सर्व्हरच्या कॅबिनेटमध्ये राहू देत नाही. ॲरेच्या डिस्क एकदम फिरू लागतात तेव्हा त्या वायरीवर व्होल्टेज पडतं आणि शेजारची एसएसडी क्षणभर नाहीशी होते.

एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) असेल तर केबलच नाही, पण दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली उष्णता. नागपूरच्या मित्राकडे मे महिन्यात ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली बसवलेली एनव्हीएमई दुपारी लॉगमधून बेपत्ता व्हायची. हीटसिंक लावून ती दुसऱ्या स्लॉटमध्ये नेली आणि विषय मिटला. दुसरी गोष्ट वीजबचतीचा मोड. कंट्रोलर झोपतो आणि उठत नाही. अशा वेळी लॉगमध्ये 'कंट्रोलर इज डाउन' येतं, आणि वीजबचत बंद करण्यासाठी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) कोणते पर्याय द्यावेत हे बऱ्याचदा त्याच ओळीच्या आसपास लिहिलेलं असतं. लोक लाल अक्षरं बघून घाबरतात आणि उपाय वाचायचा राहतो.

स्मार्ट: एसएसडी खरंच संपली आहे का?

साटा एसएसडीवर 5, 197 आणि 198 या खराब जागा मोजणाऱ्या नोंदी बघा. एनव्हीएमईवर 'क्रिटिकल वॉर्निंग', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स'. शेवटची संख्या वाढत असेल तर ड्राइव्ह स्वतः सांगतोय की लिहिलेलं मला वाचता येत नाही. तिथे वाद घालू नका, ड्राइव्ह बदला. 'पर्सेंटेज यूज्ड' 100 झालं म्हणजे ड्राइव्ह मेला असं मात्र नाही. तो आकडा निर्मात्याने गृहीत धरलेल्या लिखाणाचा आहे आणि 100च्या पुढेही जाऊ शकतो. उलट बाजूने, स्मार्ट 'पास्ड' म्हणतंय एवढ्यावर ड्राइव्ह निरोगी ठरत नाही.

स्क्रब, आणि परत आलेला ड्राइव्ह

इथे जरा जास्त थांबतो, कारण दोन ड्राइव्हचा पूल असलेले इथेच फसतात.

'बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स' ही कमांड प्रत्येक ड्राइव्हचे पाच आकडे देते: लिहिण्याच्या, वाचण्याच्या आणि फ्लशच्या चुका, करप्शनच्या चुका, जनरेशनच्या चुका. पाचही शून्य हवेत. एकाच ड्राइव्हवर लिहिण्याच्या चुका हजारोंनी असतील आणि दुसऱ्यावर काहीच नसेल, तर पहिला मधे कधीतरी पूलमधून गळून पडला होता. दोन ड्राइव्ह रेड-1मध्ये (दोन्हीवर एकच डेटा) असल्याने सर्व्हर दुसऱ्यावर चालत राहिला आणि कुणाला कळलंही नाही. मग वीज गेली, सर्व्हर परत सुरू झाला, पहिला ड्राइव्ह पुन्हा हजर झाला. पण त्याच्याकडची माहिती शिळी, तो गैरहजर असतानाची.

अशा वेळी स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणारी कमांड) चालवायचा. बीटीआरएफएस डेटाच्या प्रत्येक छोट्या ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं. शिळा ब्लॉक त्याच्याशी जुळत नाही, आणि स्क्रब दुसऱ्या ड्राइव्हवरून खरी प्रत आणून बसवतो. एकच ड्राइव्ह असेल तर मात्र स्क्रब डेटातली चूक फक्त दाखवू शकतो, कारण दुरुस्त करायला दुसरी प्रत नाही. तरी चालवा. कोणती फाइल खराब आहे त्याचं नाव लॉगमध्ये मिळतं, आणि तेवढी फाइल पुसून बॅकअपमधून आणता येते.

खरा खड्डा यापुढे आहे. सिस्टीम किंवा डोमेन्स शेअरवर (डॉकरची इमेज आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क असतात तिथे) 'कॉपी-ऑन-राइट' (बदल जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत) बंद ठेवलेलं असेल तर त्या फाइलींना चेकसमच नसतो. मग कोणती प्रत ताजी हे ओळखायला पूलकडे काही साधन उरत नाही. तो कधी या ड्राइव्हवरून वाचतो, कधी त्या. व्हर्च्युअल मशीन एकदा सुरू होते, एकदा होत नाही. स्क्रब म्हणतो सगळं ठीक. डॉकरची इमेज अशी अडकली असेल तर पुसून नवी करा. व्हर्च्युअल मशीनची डिस्क बॅकअपमधूनच आणा.

स्क्रब संपला की स्टॅट्सचे आकडे शून्य करा. नाहीतर उद्या दिसलेली चूक नवी की जुनी, ते कळणार नाही.

एका रात्रीची तपासणी: रॅम

प्रत्येक स्क्रबला वेगवेगळ्या फाइली खराब निघत असतील, दोन्ही ड्राइव्हवर सारख्याच चुका असतील, किंवा लॉगमध्ये 'राइट टाइम ट्री ब्लॉक करप्शन डिटेक्टेड' दिसत असेल, तर ड्राइव्ह सोडा आणि रॅमकडे वळा. तो शेवटचा संदेश म्हणतो की मजकूर ड्राइव्हवर जाण्याआधी, मेमरीत असतानाच बिघडलेला होता. बीटीआरएफएसने तो ओळखून लिहायला नकार दिला आणि स्वतःला रीड-ओन्ली करून घेतलं. लोक याला बीटीआरएफएस नाजूक असल्याचा पुरावा मानतात. मला ती त्याने घेतलेली काळजी वाटते. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम फक्त मेटाडेटाचा चेकसम ठेवते, त्यामुळे तोच रॅमचा दोष तिथे फोटोंमध्ये गुपचूप शिरत राहिला असता.

बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारा पर्याय) बंद करा. सर्व्हरला त्या वेगाचा काही उपयोग नाही. मग मेमटेस्ट रात्रभर लावा. एक जरी चूक आली तरी निकाल लागला, 'एवढी एक तर चालते' असं नसतं. चूक आली नाही तरी रॅम शंभर टक्के सुटली असं नाही. संशय दाट असेल तर एक पट्टी काढून आठवडाभर चालवा, मग दुसरी.

आता दुरुस्ती, पण आधी डेटा बाहेर

पूल अजून माउंट होत नसेल तर त्याला रीड-ओन्ली, रेस्क्यू पर्यायांसह माउंट करून बघा. 5.11 आणि पुढच्या कर्नलमध्ये 'रेस्क्यू=ऑल' चालतं. बिघडलेल्या शाखा ओलांडून जेवढं वाचता येईल तेवढं ते वाचतं. जमलं की पहिलं काम ॲपडेटा आणि न हललेल्या फाइली ॲरेवर कॉपी करणं. माउंटच होत नसेल तर 'बीटीआरएफएस रिस्टोअर' वापरा. ते मूळ ड्राइव्हवर काहीच न लिहिता फाइली दुसरीकडे काढतं. लॉगमध्ये 'पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड' असेल तर बहुधा वीज जाताना ड्राइव्हने 'लिहिलं' असं सांगितलं होतं पण लिहिलेलं नव्हतं. या अवस्थेत मी दुरुस्तीच्या नादाला लागत नाही. डेटा काढतो, फॉरमॅट करतो, परत भरतो.

'बीटीआरएफएस चेक'ला 'रिपेअर' जोडून चालवू नका. बीटीआरएफएसची स्वतःची माहिती-पुस्तिकाच तसं बजावते, आणि अर्धवट बिघडलेलं त्याने पूर्ण बिघडलेलं मी पाहिलं आहे.

एक्सएफएसचं वेगळं आहे, त्याची दुरुस्ती भरवशाची आहे. ॲरे मेंटेनन्स मोडमध्ये सुरू करा, ड्राइव्हच्या पानावरून तपासणी आधी 'काही बदलू नको' या पर्यायासह चालवा, निकाल वाचा, मग तो पर्याय काढून पुन्हा. टर्मिनलमधून चालवत असाल तर पूर्ण ड्राइव्ह नव्हे, त्याचं पहिलं पार्टिशन द्या. नाहीतर तो सुपरब्लॉक (फाइल सिस्टीमची मूळ नोंद) सापडत नाही म्हणून तासन्‌तास शोधत बसतो आणि तुम्हाला वाटतं सगळं गेलं. लॉग (इथे एक्सएफएसची स्वतःची, अजून पूर्ण न झालेल्या लिखाणाची नोंद) शून्य करणारा 'एल' पर्याय तो मागतो, पण त्याआधी एकदा साधं माउंट होतं का बघा, म्हणजे अडकलेला लॉग आपणहून लिहिला जाईल. दुरुस्तीनंतर 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर तपासा. अनाथ फाइली तिथे क्रमांकांच्या नावाने पडलेल्या असतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ड्राइव्ह दोन वेगवेगळ्या संगणकांच्या बायोसमध्ये दिसत नाही, किंवा 1 टीबीचा ड्राइव्ह काही एमबीचा दिसतो: थांबा. हा कंट्रोलरचा दोष आहे, कोणतीही कमांड त्याला पोहोचत नाही. जळका वास आला, ॲरेतल्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला: वीज काढा आणि परत लावून 'एकदा बघू' म्हणू नका. पूल एन्क्रिप्ट केलेला आहे आणि बरोबर परवलीचा शब्दही घेत नाही: थांबा, बहुधा हेडर बिघडलंय आणि पुढचं प्रत्येक लिखाण त्याला अजून खराब करेल.

आणि चौथी वेळ, जिला तांत्रिक कारण नाही. कॅशवर अशी गोष्ट आहे जिची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, आणि रीड-ओन्ली माउंट व रिस्टोअर दोन्ही फसले आहेत. तेव्हा इंटरनेटवरची पुढची कमांड चालवू नका. ड्राइव्ह काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. देण्याआधी विचारा: काम मूळ ड्राइव्हवर करता की त्याच्या प्रतिमेवर? डेटा न मिळाल्यास शुल्क किती? फाइल सिस्टीम कोणती आणि तुम्ही आत्तापर्यंत काय काय चालवलं, ते लिहून द्या, लपवू नका. अनेक एसएसडी आतल्या आत सगळं एन्क्रिप्ट करून ठेवतात, त्यामुळे कंट्रोलर गेला तर नुसत्या चिप काढून वाचता येत नाहीत. चांगला माणूस हे आधीच सांगतो.

पूल परत उभा केल्यावर

यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो आणि बरेच घरगुती इन्व्हर्टर त्याहून उशिरा धावून येतात. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा, पण सर्व्हरला स्वतःचा छोटा यूपीएस द्या आणि त्याची यूएसबी केबल जोडा. ती जोडल्याशिवाय बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळत नाही. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून मी बॅटरीवर पाच मिनिटं होताच सर्व्हर आपोआप बंद होईल असं ठेवलं आहे.

ॲपडेटाचा बॅकअप दर आठवड्याला ॲरेवर. दोन ड्राइव्हचा पूल असला तरीही, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून एकाच क्षणी जाते. पूलच्या मांडणीत किमान मोकळ्या जागेचा आकडा भरा, सगळ्यात मोठ्या फाइलीपेक्षा जास्त. तो शून्य ठेवला की एक मोठा व्हिडिओ पूल ठासून भरतो आणि पहिल्या तपासणीतली कोंडी परत येते.

डिव्हाइस स्टॅट्स तासातून एकदा वाचून शून्याखेरीज काही दिसलं तर फोनवर सूचना देणारी छोटी स्क्रिप्ट लावा. पहिला महिना दर रविवारी स्क्रब, नंतर महिन्यातून एकदा. आकडा शून्यावरून हलला, तर परत केबलपासून सुरुवात.